सोलर इन्व्हर्टरला बॅटऱ्या वाढवायच्यात? आधी हे तपासा, मग पाना हातात घ्या

मे महिन्यात बॅटरीच्या दुकानात थोडा वेळ उभे राहा, एक वाक्य हमखास कानावर पडेल: ‘बॅकअप पुरत नाही, अजून एक बॅटरी टाकून द्या.’ दुकानदार टाकूनही देतो. मग वर्षभरात नवी बॅटरी जुनीच्याच मार्गाला लागते आणि शिव्या कंपनीला बसतात. माझं मत विचाराल तर निम्म्याहून जास्त वेळा बॅटरी कमी नसतेच. जुनीचा एखादा सेल गेलेला असतो, नाहीतर पॅनेल तिला पुरतं भरत नसतं, नाहीतर पंखेच वीज खात असतात. म्हणून या लेखात जोडणीपेक्षा तपासणीला जास्त जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून आपल्याकडे सर्रास दिसणारी व्यवस्था धरतो: २४ व्होल्टचा सोलर इन्व्हर्टर, १५० एएचच्या (अँपिअर-तास, बॅटरीच्या साठ्याचं माप) दोन ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालावं लागणाऱ्या शिसं-ॲसिडच्या बॅटऱ्या आणि छपरावर ३३५ वॉटची दोन पॅनेल.

तुमचा इन्व्हर्टर कोणत्या जातीचा?

पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान घेऊन बसवलेली बहुतेक सिस्टिम ऑन-ग्रिड, म्हणजे थेट महावितरणच्या लाइनला जोडलेली असते. तिला बॅटरीचं टर्मिनलच नसतं. महावितरणची लाइन गेली की असा इन्व्हर्टर मुद्दाम बंद पडतो. तो चालू राहिला तर तुमच्या छपरावरची वीज उलटी लाइनवर जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव घेईल. अशा सिस्टिमला बॅटरी ‘जोडून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तिथे हायब्रिड, म्हणजे लाइन आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा इन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि नेट मीटरिंग (जास्तीची वीज महावितरणला देऊन बिलात वळती करणं) असेल तर तो बदल महावितरणला कळवूनच करायचा.

ऑफ-ग्रिड, म्हणजे बॅटरीवर चालणारा आणि लाइनला वीज न देणारा सोलर इन्व्हर्टर असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. त्याच्या मागच्या पट्टीवर १२, २४ किंवा ४८ व्होल्ट असं लिहिलेलं असतं. हा आकडा कायमचा. २४ व्होल्टच्या इन्व्हर्टरला तिसरी बॅटरी सिरीजमध्ये (एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला) लावली तर ३६ व्होल्ट होतात आणि इन्व्हर्टरचं कार्ड जळतं. म्हणजे २४ व्होल्टवर बॅटऱ्या जोडीनेच वाढतात: दोनाच्या चार. १२ व्होल्टवर मात्र एकेक वाढवता येते, तीही फक्त पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस).

आणखी एक गैरसमज इथेच मिटवू. फ्रिज सुरू होताना इन्व्हर्टर ‘ओव्हरलोड’ दाखवून बंद पडत असेल, तर बॅटऱ्या दुप्पट केल्या तरी तो बंदच पडणार. बॅटरीने तास वाढतात. एका वेळी किती वॉट ओढता येतील, हे इन्व्हर्टर ठरवतो.

बॅटरी खरंच कमी पडतेय का?

कागद-पेन घ्या. रात्री तीन साधे पंखे, प्रत्येकी ७० वॉट; चार एलईडी, प्रत्येकी ९; राउटर १०. बेरीज साधारण २५५ वॉट. आता साठा: २४ गुणिले १५० म्हणजे ३,६०० वॉट-तास. पण ट्युब्युलर बॅटरी दीर्घकाळ टिकवायची तर रोज निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणून हातात १,८००. इन्व्हर्टर स्वतः खातो ते वजा जाता १,५०० धरा. म्हणजे जेमतेम सहा तास.

याच घरात पंखे बदलून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे लावले, प्रत्येकी ३० वॉटचे, तर लोड येतो १३५ वॉटवर. तेवढ्याच बॅटऱ्या अकरा तास चालतात. तीन बीएलडीसी पंखे दोन नव्या १५० एएच ट्युब्युलरपेक्षा बरेच स्वस्त पडतात. त्यांना पाणी घालावं लागत नाही, आणि वीजबिलही उतरतं. ज्यांना फक्त रात्रीचे पंखे चालवायचे आहेत त्यांनी इथेच थांबून पंख्याच्या दुकानात जावं, असं मी बेधडक सांगेन.

भरणार कशाने?

ट्युब्युलर बॅटरीला तिच्या एएचच्या साधारण दहा टक्के अँपिअरने चार्ज करावं, हा रोजच्या वापरातला नियम. १५० एएचला १५ अँपिअर. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असल्या तरी १५च लागतात, कारण सिरीजमध्ये व्होल्टेज वाढतं, एएच नाही. पण दुसरी जोडी पॅरललमध्ये आली की साठा ३०० एएच होतो आणि गरज ३० अँपिअरवर जाते.

आता पॅनेलच्या मागचं स्टिकर वाचा. तिथे ‘आयएमपी’ हा आकडा असतो, म्हणजे पॅनेल पूर्ण जोरात असताना किती अँपिअर देतं ते. ३३५ वॉटच्या पॅनेलला तो नऊच्या आसपास. इन्व्हर्टरमधला कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीत सोडणारा भाग, साध्या पीडब्ल्यूएम प्रकारचा असेल तर दोन पॅनेल मिळून भर दुपारीसुद्धा सतरा-अठरा अँपिअरच्या वर देत नाहीत. त्यातलेही दिवसा चालणारा टीव्ही आणि पंखे खातात. जुन्या जोडीला हे पुरत होतं. चार बॅटऱ्यांना नाही. रोज अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसत जातो आणि क्षमता कायमची जाते. लोक म्हणतात ‘बॅटरी खराब निघाली’. खराब निघत नाही, उपाशी राहते.

म्हणून बॅटऱ्या दुप्पट तर पॅनेलही त्या प्रमाणात वाढवा. आधी मात्र कंट्रोलरची कमाल अँपिअर आणि कमाल व्होल्टेज मर्यादा मॅन्युअलमध्ये पाहा. पॅनेल वाढवणं जमत नसेल तर इन्व्हर्टरची सेटिंग अशी ठेवा की उरलेलं चार्जिंग महावितरणच्या विजेवर होईल. त्यासाठी त्याचा ग्रिड चार्जरही पुरेशा अँपिअरचा हवा. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये सलग आठ दिवस ऊन दिसत नाही, तिथे ही सोय ठेवल्याशिवाय बॅटरी वाढवूच नका.

जुनीसोबत नवी?

थकलेला बैल आणि नवा खोंड एका जुवाला जुंपले की औत वाकडं चालतं आणि नव्याच्याही मानेला गळवं येतं. बॅटऱ्यांचं तंतोतंत तसंच आहे. सिरीजमध्ये जुनी लवकर रिकामी होते आणि चार्जिंगला लवकर ‘भरते’. मग इन्व्हर्टरला वाटतं जोडी भरली, पण नवी अर्धीच राहिलेली असते. पॅरललमध्ये नवी बॅटरी गपचूप जुनीला भरत बसते, रात्रंदिवस, कोणी मागितलेलं नसताना.

म्हणून माझा हिशेब सोपा आहे. जुनी जोडी वर्षाच्या आतली, त्याच कंपनीची, त्याच प्रकारची, तेवढ्याच एएचची आणि तपासणीत ठणठणीत असेल, तरच तिच्या शेजारी दुसरी जोडी लावा. दोन-तीन वर्षं झाली असतील तर ती जोडी बदल्यात देऊन २०० किंवा २२० एएचची एकच नवी जोडी घ्या. त्यात सांधे कमी, केबल कमी, भानगडी कमी. चार लहान बॅटऱ्यांपेक्षा दोन मोठ्या केव्हाही बऱ्या.

जुनी ठणठणीत आहे का, हे पाहायची पद्धत

बॅटरी पूर्ण चार्ज करा, मग लोड आणि चार्जिंग दोन्ही बंद करून सहा-आठ तास तशीच राहू द्या. मल्टिमीटरने प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे साधारण अर्धी. जोडीतली एक १२.७ आणि दुसरी १२.३ दाखवत असेल तर तिथेच पाणी मुरतंय.

मल्टिमीटर मात्र अर्धंच सांगतो. खरं काय ते ॲसिडची घनता (ग्रॅव्हिटी) मोजणारा हायड्रोमीटर सांगतो, आणि तो दोन-तीनशे रुपयांत मिळतो. बॅटरीला सहा सेल असतात, सहाही झाकणं एकेक करून उघडायची. रबरी फुगा दाबून ॲसिड वर ओढायचं आणि तरंगणारी काडी कुठे थांबते ते डोळ्याच्या पातळीवर धरून वाचायचं. मेकॅनिक ‘ग्रॅव्हिटी बाराशे चाळीस’ म्हणतो ते १.२४०. भरलेल्या ट्युब्युलरला १.२४० ते १.२५० यायला हवं. पाच सेल १.२४० आणि एकच १.१८० असेल तर तो सेल गेलाय. ती बॅटरी कितीही नवी असली तरी तिला नव्या जोडीच्या वाऱ्यालाही उभी करू नका. नुकतंच पाणी घातलं असेल तर त्या दिवशी ग्रॅव्हिटी बघू नका, वरचं पाणी मिसळलेलं नसतं आणि आकडा फसवतो. हे करताना डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. ॲसिडचा एक थेंब शर्टावर पडला तर दुसऱ्या धुण्याला तिथे भोक दिसतं.

सामान

इन्व्हर्टरच्या केबलच्या जाडीचीच, शक्यतो २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक केबल. १,४०० वॉटचा लोड २४ व्होल्टवर, इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून, सुमारे ७० अँपिअर ओढतो, त्यामुळे घरातली वायरिंगची उरलेली वायर इथे चालत नाही. केबलच्या टोकांना लग, म्हणजे नटाखाली बसणाऱ्या कड्या, दुकानातूनच दाबून घ्या. वायर पिळून नटाखाली अडकवणं हे आगीला आमंत्रण. प्रत्येक जोडीच्या प्लसवर एकेक डीसी फ्यूज, या केबलसाठी १०० अँपिअरपर्यंतचा. एमसीबी वापरणार असाल तर ‘डीसी’ लिहिलेलाच आणि तुमच्या व्होल्टेजला चालणारा घ्या. घरातल्या बोर्डातला एसी एमसीबी डीसीची ठिणगी तोडू शकेलच असं नाही. पाना घ्या आणि टोकाचा भाग सोडून त्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. खाण्याचा सोडा, बादलीभर पाणी, पेट्रोलियम जेली.

जागा

चार्ज होताना या बॅटऱ्या हायड्रोजन सोडतात. हवेत तो चार टक्क्यांवर गेला की एका ठिणगीने भडका उडू शकतो. दोन बॅटऱ्यांना जिन्याखालची बंद फडताळवजा जागा कशीबशी चालून गेली असेल, चारांना चालणार नाही. वरून हवा बाहेर जाईल अशी मोकळीक हवी, कारण हायड्रोजन वर चढतो. इन्व्हर्टर बॅटऱ्यांच्या बरोबर डोक्यावर टांगू नका. आणि देवघर! आपल्याकडे कितीतरी घरांत बॅटरीची ट्रॉली देवघराच्या भिंतीला लागून असते. समई, उदबत्ती आणि कापराच्या आरतीपासून ती लांब न्या.

उन्हाचंही बघा. विदर्भात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बॅटऱ्या ठेवणं म्हणजे त्यांचं आयुष्य आपल्या हाताने कापणं. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. १५० एएचची उंच ट्युब्युलर पन्नास-साठ किलोची असते. उचलायला दोन माणसं, आणि ती कधीही आडवी करायची नाही.

जोडणीचा दिवस

घरातलं मूळ वायरिंग किंवा मेन बोर्ड हलवावा लागणार असेल तर परवानाधारक वायरमनच हवा. ४८ व्होल्टच्या सिस्टिमलाही मी नवख्या माणसाला हात लावू देणार नाही. खालची कृती २४ व्होल्टची दुसरी जोडी लावण्याची आहे. वायरमन करत असला तरी शेजारी उभं राहून याच क्रमाने होतंय ना, ते बघा.

१. अंगठी, कडं, घड्याळ, बांगड्या, मंगळसूत्र, गळ्यातली साखळी काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात. पण दोन टर्मिनलांमध्ये अंगठी अडकली तर शेकडो अँपिअर तिच्यातून जातात आणि ती बोटातच लालभडक होते.

२. आदल्या दिवशी दोन्ही जोड्या वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा. कामाच्या वेळी दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. चार्जिंग संपल्यावर तासभर खिडक्या उघड्या ठेवून साचलेला गॅस जाऊ द्या.

३. बंद करण्याचा क्रम: आधी घरचा लोड, मग पॅनेलचा डीसी स्विच, मग महावितरणचा पुरवठा, मग इन्व्हर्टर. बॅटरी सगळ्यात शेवटी. पॅनेल चालू असताना बॅटरी काढली तर पॅनेलचं पूर्ण व्होल्टेज कंट्रोलरवर आदळतं आणि तो जातो. डीसी स्विच नसेल तर हे काम अंधार पडल्यावर, चांगल्या टॉर्चच्या उजेडात करा. भर उन्हात चालू पॅनेलचे कनेक्टर ओढू नका.

४. मोबाईलवर जुन्या जोडणीचा फोटो काढा. मग इन्व्हर्टरकडे जाणारी काळी केबल आधी सोडवा, लाल नंतर. सुटलेली टोकं टेपने बांधा.

५. नव्या जोडीत एका बॅटरीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडा. उरलेल्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. २५ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं.

६. ही पायरी गाळू नका. दोन्ही जोड्यांची मायनस टोकं एकमेकांना जोडा, पण प्लस अजून जोडू नका. मल्टिमीटरचा एक प्रोब जुन्या जोडीच्या प्लसवर, दुसरा नव्या जोडीच्या प्लसवर. आकडा शून्याच्या जवळ आला तरच पुढे जा. २५ दाखवला तर जोडीतली एक बॅटरी उलटी लागली आहे. ५० दाखवला तर अख्खी जोडी उलटी. त्या स्थितीत प्लस जोडला असता तर केबल वितळली असती, बॅटरी फुटलीही असती.

७. फ्यूजसकट प्लसला प्लस जोडा. दोन्ही बाजूंच्या जोडकेबल सारख्याच लांबीच्या ठेवा.

८. आता इन्व्हर्टरची लाल केबल पहिल्या जोडीच्या प्लसवर आणि काळी केबल दुसऱ्या जोडीच्या मायनसवर, म्हणजे तिरपी. दोन्ही एकाच जोडीवर लावल्या तर तीच जोडी जास्त राबते आणि आधी मरते. शेवटचं टोक जोडताना बारीक ठिणगी उडते, इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरत असतात. डीसी एमसीबी असेल तर तो बंद ठेवून टोकं जोडा आणि मग चालू करा. ठिणगी बॅटरीपासून लांब, डबीच्या आत राहते.

९. नट घट्ट करा, पण शिशाचं टर्मिनल मऊ असतं, जोर करून पिळू नका. वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात.

१०. चालू करताना आधी बॅटरी, मग इन्व्हर्टर, महावितरण, पॅनेल, शेवटी लोड. इन्व्हर्टरच्या मेनूत बॅटरीचा प्रकार ‘ट्युब्युलर’ आहे ना ते बघा आणि चार्जिंगचे अँपिअर नव्या साठ्यानुसार बदला.

अंगावर ॲसिड उडालं तर भरपूर पाणी. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरा आणि थेट डॉक्टर. सोडा फक्त फरशीवर सांडलेल्यासाठी, अंगावर नाही.

पहिला महिना

जोडणी झाल्यावर तासभर लोड चालवा, मग लोड बंद करून प्रत्येक लगला हाताची पाठ लावा. एखादा गरम लागला तर तो सैल आहे. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर कोणाकडे मिळाला तर दोन्ही जोड्यांच्या केबलवर लोड चालू असताना लावून बघा. एकीतून सहा आणि दुसरीतून साडेपाच अँपिअर, हे ठीक. नऊ आणि तीन असेल तर सांधा किंवा बॅटरी, कुठेतरी खोट आहे.

रोज इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर दुपारी चार वाजता बॅटरी भरलेली दिसते का ते बघा. सलग चार-पाच दिवस दिसत नसेल तर पॅनेल कमी पडतंय. झाकणावरच्या फ्लोटचा (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काडीचा) रंगीत भाग खाली गेला की डिस्टिल्ड वॉटरच घाला. आरओचं, एसीतून गळणारं किंवा पावसाचं पाणी नको, आणि ॲसिड तर कधीच नको. कुजलेल्या अंड्यासारखा वास आला किंवा एखाद्या बॅटरीचा डबा फुगलेला, चटका बसण्याइतका गरम दिसला, तर चार्जिंग तोडा, खिडक्या उघडा आणि माणूस बोलवा.

राउटर किंवा छोटा दिवा लावायला चारांतल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका. हा जुगाड फार घरांत दिसतो. ती एक बॅटरी रोज थोडी जास्त उतरते आणि सहा महिन्यांत सगळी जोडी बिघडवते.

लिथियम घ्यावी का?

घ्या, पण जुन्या ट्युब्युलरच्या पॅरललला नाही. दोघींची चार्जिंगची वागणूक वेगळी आहे. घ्यायची तर पूर्ण बदलून घ्या, आणि तुमच्या इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सेटिंग असल्याची खात्री करून. ट्युब्युलरसाठीचं इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे भरायला दिलेलं जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) चालू राहिलं तर व्होल्टेज वर जाऊन लिथियमचं बीएमएस, म्हणजे तिच्या आतलं रक्षक सर्किट, बॅटरी तोडून टाकतं आणि घर अंधारात. नंतर दुसरी लिथियम वाढवायची असेल तर कंपनी किती बॅटऱ्यांपर्यंत पॅरलल चालवते ते आधी विचारा, दोन्ही पूर्ण चार्ज करून मगच जोडा. २४ व्होल्टसाठी १२ व्होल्टच्या दोन लिथियम सिरीजमध्ये लावण्यापेक्षा २५.६ व्होल्टची एकच घेतलेली बरी.

जुन्या बॅटऱ्यांचं काय?

गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. तो ॲसिड गटारात ओततो आणि शिसं काढून घेतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि विक्रेते बदल्यात किमतीतून चांगली रक्कम वजाही करतात. ही रक्कम आणि बदल्यातली बॅटरी बिलावर लिहून घ्या. नव्या बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथल्या तिथे मारून घ्या, आणि पहिल्या दिवशीच्या सगळ्या सेलची ग्रॅव्हिटी त्याच कार्डाच्या मागे लिहून ठेवा. दोन वर्षांनी वॉरंटीसाठी दुकानात गेलात की पहिला प्रश्न त्याच आकड्यांवर येतो.